चोवीसातले बारा

ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, बारा व्होल्टची एक आणि बारा व्होल्टची दुसरी. बारा आणि बारा चोवीस हे गणित मला लहानपणापासून येत होतं. तेच पुढे नडलं.

मी जुना ट्रक घेतला तेव्हा केबिनमध्ये गाणी नव्हती. एका मोटारीतून काढलेला टेप आणला आणि सरळ ट्रकच्या तारांना जोडला. त्यातून गाण्याऐवजी धूर निघाला. धुळ्याचा दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा बारा व्होल्टचा, तुमची गाडी चोवीसची. मधी कन्व्हर्टर लावा." कन्व्हर्टर म्हणजे चोवीसचे बारा करून देणारा डबा. मी तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. एका बॅटरीत बारा व्होल्ट आयते बसलेले असताना ते बाजारातून विकत आणणारा माणूस मला मूर्ख वाटला.

घरी येऊन मी दोनपैकी एकाच बॅटरीवरून तारा काढल्या. नवा टेप वाजला. मग हुरूप आला. पंखा बसला, मोबाइलचा चार्जर बसला, देवाच्या फोटोभोवती निळ्या दिव्यांची माळ लागली, शेवटी ताक गार ठेवणारी एक छोटी पेटीही आली.

बैलजोडीतला एकच बैल रात्री शेजाऱ्याच्या गाडीलाही जुंपायचा आणि सकाळी दोघांना सारखाच चारा टाकायचा, तर एक खंगणार आणि दुसऱ्याला अजीर्ण होणार. माझ्या बॅटऱ्यांचं तेच चाललं होतं. पण बैल निदान बसून घेतो. बॅटरी काही बोलत नाही, गाणी मात्र ऐकवत राहते.

सासरे रावेरकडचे, केळीवाले. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या भावकीत एक नियम होता, मालाला सोयऱ्याची गाडी लावायची नाही. बिघडलं तर भाडेकऱ्याला शिव्या देता येतात, जावयाला देता येत नाहीत. नानांनी त्या वर्षी पहिल्यांदा नियम मोडला आणि सुरतेला जायच्या मालासाठी माझी गाडी बोलावली. त्यांचा धाकटा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, पस्तावशीन." नाना म्हणाले, "पाहू." आता माझी गाडी म्हणजे नानांचा शब्द होता.

केळी कापून बांधावर आली. मजूर घड भरायला लागले, मधे मधे केळीची पानं अंथरत होते. ऊन चांगलंच होतं. मी जावयाच्या रुबाबात पंखा लावला, गाणी लावली, मजुरांना गार ताक दिलं. "जवाईबुवाची गाडी म्हंजे हॉटेल शे!" असं कुणीतरी म्हणालं. मी आवाज वाढवला. इंजिन अर्थातच बंद होतं.

माल भरून झाला. मी चावी फिरवली. "टक्" असा आवाज आला. परत फिरवली, परत टक्. गाणं मात्र सुरूच होतं.

धाकटे सासरे जवळ आले. "काय जवाईबुवा, गाते चांगली. चालते का?"

भरलेला ट्रक ढकलत नाहीत. धाकट्यांचाच ट्रॅक्टर आला, दोर बांधला, आणि आख्ख्या गावादेखत त्यांनी मला डांबरी रस्त्यावर ओढून नेलं. क्लच सोडल्यावर इंजिन खोकलं आणि लागलं. नाना चप्पल काढून केबिनमध्ये चढले आणि माझ्या शेजारी बसले.

"नाना, तुम्ही कुठे?"

"धुळ्यालोक येतो, तुमच्या घरापर्यंत. पोरीले भेटतो. आता हे इंजिन बंद करू नका."

"नाही करत."

"बंद केलं तं?"

"परत लागणार नाही."

"मग नका करू."

एवढं बोलून त्यांनी टेपची तार उपटली. जळगाव गेलं, एरंडोल गेलं. चहाला थांबलो नाही. पारोळ्याच्या अलीकडे मला डिझेलचा काटा दिसला. तो पडला होता. गडबडीत डिझेल भरायचं राहिलं होतं.

पंपावर गेलो तर पोरगा हात जोडून म्हणाला, "इंजिन बंद करा, तरच टाकीन." बरोबरच होतं त्याचं. मी गाडी बाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभी केली. हँडब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून ब्रेकवर पाय दाबून मला बसून राहणं भाग होतं. क्लीनर कुणाच्यातरी लग्नाला गेला होता. मी नानांकडे पाहिलं. नानांनी सीटमागचा कॅन पाहिला.

धोतर खोचून ते उतरले.

अधिक महिन्यात आमच्याकडे सासरा जावयाचे पाय धुतो, ते ठीक आहे. पण सासरा डिझेलचा कॅन भरून आणतोय, टाकीत ओततोय, परत पंपावर जातोय, आणि जावई वर गादीवर बसून आरशातून बघतोय, हे कुठल्याच रिवाजात बसत नाही. येणारेजाणारे थांबून पाहत होते. एका म्हाताऱ्याने तर मला चांगलं खडसावलं, "लाज नाही वाटत का रे? बापाला कामाला लावतोस!" नाना खालून म्हणाले, "बाप नाही मी. सासरा आहे." म्हातारा आणखीच भडकला.

धुळ्यात मिस्त्रीच्या दारात उभा राहिल्यावरच मी इंजिन बंद केलं. त्याने झाकण उघडलं. "भाऊ, हाई बॅटरी मरेल शे, आनि ती उकळेल शे." रोज जुंपलेली मेली होती, आयता चारा खाणारी उकळली होती. दोन्ही बदलल्या. मी न सांगता त्याने तो कन्व्हर्टरचा डबाही बसवला. नाना स्टुलावर बसून धोतराला लागलेलं डिझेल पुसत होते. माल पानांखाली अजून हिरवा होता, सकाळपर्यंत सुरत गाठता येणार होती. पण पुढच्या कटाईला गाडी कुणाची, हे नानांनी ठरवायचं होतं.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "काय नाना, पोहचले का? गाडी कशी निंघाली जवाईची?"

नानांनी धोतराचं टोक हातातून सोडलं, माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं.

"चांगली शे ना," ते म्हणाले. "रावेरपासून धुळ्यालोक एकदाबी बंद नाही पडली. पुढच्या टायमालेबी हेच लावू."