एकाच नंबरावरून बोलणाऱ्या बायका

“हा एकच नंबर आहे, मॅडम.” सामंतांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “आणि त्यावरून बोलणाऱ्या बायका बघा. लता, मंगल, परबकाकू, अजून कितीतरी. सगळ्यांना दुपारी तीन वाजता कोरियन गाणं हवंय. घोडपदेवच्या चाळीत. तुम्हाला पटतं?”

मला पटत नव्हतं. पण मी तसं म्हटलं नाही. आमच्या कामात मोजण्याआधी मत द्यायचं नसतं.

इरा, निहार, आजी ऑफिसात नेमकं काय करायची, असं तुम्ही मागच्या कॉलवर विचारलंत. तेव्हा मी ‘मार्केट रिसर्च’ म्हटलं आणि तुम्ही लगेच विषय बदललात. सोपं करून सांगते. लोक काय खातात, काय बघतात, काय ऐकतात हे घरोघर जाऊन विचारायचं, त्याचे आकडे करायचे आणि ते कंपन्यांना द्यायचे. मी रिटायर झाले तरी जुने क्लायंट अधूनमधून बोलावतात. हा प्रसंग तसाच, अलीकडचा आहे. इराच्या खोलीत ज्या कोरियन गाणाऱ्या मुलांची पोस्टर्स लावलेली आहेत त्यांच्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून हाच आधी लिहिते.

सामंत एका एफएम रेडिओ स्टेशनचे प्रोग्रामिंग हेड, म्हणजे कधी काय वाजेल ते ठरवणारे. त्यांचं ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. त्या मीटिंगला तिसरी व्यक्ती होती रोशेल. ती तिथली आरजे, म्हणजे माइकवर बोलणारी. गिरगावातल्या जुन्या ख्रिश्चन कुटुंबातली मुलगी, मराठी अगदी आपल्यासारखं, फक्त जरा जास्त वेगात. दुपारी तीन ते चार तिचा कोरियन गाण्यांचा कार्यक्रम असे. ज्या भाषेतला एक शब्द कोणाला कळत नाही ती गाणी मुंबईच्या रेडिओवर लावायची, हे वरिष्ठांना पटवायला तिला बरेच महिने लागले होते.

आता तो कार्यक्रम बंद व्हायच्या बेतात होता. त्याहून वाईट म्हणजे रोशेलवर खोटेपणाचा संशय होता.

त्याचं कारण असं. रेडिओ कोण ऐकतं हे कळायला स्टेशनकडे दोन वाटा होत्या. पहिली सर्व्हे. काही घरं निवडायची, तिथे जाऊन ‘काल तुम्ही काय ऐकलंत’ असं विचारायचं. कालचंच विचारायचं, कारण परवाचं माणूस मनाने रचून सांगतो. याला आम्ही डे-आफ्टर रिकॉल म्हणतो. दुसरी वाट म्हणजे श्रोते कार्यक्रमाला फोनवरून जे व्हॉइस मेसेज पाठवतात, ते मोजणं.

सर्व्हे सांगत होता की दादर-शीवच्या फ्लॅटमधल्या कॉलेजच्या मुली कोरियन गाणी भरपूर ऐकतात. पण आपापल्या फोनवर, कानात हेडफोन घालून. त्यांना अ‍ॅप मोजतं, रेडिओच्या खात्यात त्या येत नाहीत. लालबाग, घोडपदेवच्या चाळींमध्ये तर दुपारी तीनला रेडिओ ऐकणारं कोणी जवळजवळ सापडतच नव्हतं. आणि मेसेज बघावेत तर भरपूर, पण बहुतेक सगळे एकाच नंबरावरून, तोही घोडपदेवचा. स्टेशनच्या सॉफ्टवेअरने त्या नंबरापुढे लाल खूण केली होती. लाल म्हणजे एकच माणूस अनेक असल्याचं सोंग करतोय.

सामंतांचा निष्कर्ष सरळ होता. रोशेलने आपल्या कोणा मावशीला बसवून आवाज काढून घेतले. पुढच्या सोमवारपासून त्या वेळेत जुनी हिंदी गाणी. आणि रोशेल बाहेर. हे क्षेत्र लहान आहे. आकडे फुगवणारी म्हणून नाव झालं की दुसरं स्टेशन दारात उभं करत नाही.

रोशेल रडली नाही, की भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, “मी त्या बायकांना कधी भेटलेली नाही, मॅडम. पण त्या आहेत. परबकाकू बोलता बोलता खोकतात ना, तो खोकला कोणी नाटकात काढू शकत नाही.”

“खोकला कोणीही काढतं,” सामंत म्हणाले आणि काढूनही दाखवला. चांगला जमला नाही.

मी बॅक-चेक सुचवला. सर्व्हे झालेल्या घरीच दुसऱ्या माणसाने जायचं आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने परत विचारायचे, म्हणजे बॅक-चेक. माझी एकच अट होती, सामंतांनी सोबत यायचं.

“मी? फील्डला?”

“हो. काढायला सोप्या चपला घाला. आणि गळ्यातलं ते ओळखपत्र ऑफिसात ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घोडपदेवला त्या नंबराच्या, सर्व्हेतही आलेल्या चाळीत गेलो. दुसरा मजला. लांब गॅलरी, एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्यावर वाळत घातलेले कपडे. गणपती जवळ आले होते. प्रत्येक दारात मण्यांच्या पाट्या आणि अर्धवट ओवलेली तोरणं. लालबागचे व्यापारी हे काम घरोघर देतात.

फॉर्ममधला पहिला प्रश्न होता, ‘तुमच्या घरी रेडिओ आहे का, किंवा फोनवर रेडिओ लावता का?’ उत्तर ‘नाही’ आलं की आभार मानून मुलाखत बंद. याला स्क्रीनिंग म्हणतात. जो चहाच पीत नाही त्याला चहाची चव विचारण्यात वेळ घालवू नये, एवढाच त्यामागचा विचार.

पहिलं दार लताचं. तिशीतली, हसरी. रेडिओ नाही म्हणाली. दुसरं मंगलचं. तिच्याकडे टीव्ही होता, पण रिमोट मुलाच्या ताब्यात. रेडिओ नाही. तिसऱ्या दारात एक वयस्कर मालवणी बाई पाय पसरून बसल्या होत्या.

“रेडिओ खंयचो गो बाय?” त्या म्हणाल्या. “ठेवूक जागा खंय आसा?”

आणि खोकल्या.

सामंत चमकले. मीही चमकले. परबकाकू होत्या तर, हाडामांसाच्या. पण फॉर्मप्रमाणे त्यांचीही मुलाखत बंद. ज्या बाईकडे रेडिओच नाही ती रोज रेडिओला मेसेज का पाठवते? सामंतांच्या चेहऱ्यावर याचं उत्तर तयार दिसत होतं. कोणीतरी पाठवायला लावतं म्हणून.

शेवटची खोली सुरेखाची. तो नंबर तिचाच होता. तिच्याकडे रेडिओ होता. मला जरा हुरूप आला.

“काल दुपारी तीन ते चार रेडिओ ऐकलात?”

“मी? मी झोपते,” सुरेखा म्हणाली. ती पहाटे उठून ऑफिसवाल्यांच्या डब्यांच्या पोळ्या लाटायची. दुपारचा तो एक तास तिचा स्वतःचा.

“घरातलं दुसरं कोणी?”

नवरा कामावर, मुलगी कॉलेजला. म्हणजे रेडिओ आहे, ऐकणारं कोणी नाही. पूर्ण मजल्याचा निकाल शून्य. बॅक-चेकने सर्व्हे खरा ठरवला होता.

“झालं ना, मॅडम?” सामंतांनी घड्याळ बघितलं. आवाजात विजय होता, पण माझ्या वयाला मान देऊन बेताचा. मी फॉर्म पिशवीत घातले.

तीन वाजत आले होते. तेवढ्यात सुरेखाने शेल्फवरचा रेडिओ उचलला, दाराबाहेर स्टुलावर ठेवला, चालू केला, शेजारी आपला फोन ठेवला आणि आत जाऊन पडदा ओढून आडवी झाली.

आणि गॅलरी हलली. लता चटई घेऊन आली. मंगल मण्यांची पाटी घेऊन आली. परबकाकू भिंतीला धरत आल्या आणि ठरलेल्या जागी टेकल्या. वरच्या मजल्यावरून दोघी उतरल्या. रेडिओवर रोशेलचा आवाज आला, “काय मग, जेवलात का?” आणि लता सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, “जेवलो बाई, तू लाव.” गाणं सुरू झालं. सगळे हात एका ठेक्यात चालू लागले.

पोरांनो, मी इतकी वर्षं फील्ड केलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. जे मोजायला आलो होतो ते आमच्या पायाशी येऊन बसलं होतं, आणि आमच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

सामंतांना राहवलं नाही. “ताई, तुम्ही मघाशी रेडिओ नाही म्हणालात.”

“नाहीच आहे,” लता म्हणाली. “हा सुरेखाचा आहे.”

“पण तुम्ही ऐकता.”

“ते कुठे विचारलंत तुम्ही?”

मी खाली चटईवर बसले आणि जे फॉर्ममध्ये नव्हतं ते विचारायला लागले. या मजल्यावर पेपर एक येतो आणि सगळ्यांचा वाचून होतो. शिडी एक, मोठं मोदकपात्र एक. तसाच रेडिओ एक. ज्याच्याकडे आहे त्याने बाहेर ठेवायचा, ही इथली रीत. फोनचंही तेच. हातात सुई असताना जो तो आपापला फोन काढायला लागला तर मणी सांडतात. म्हणून सुरेखाचा फोन मधोमध, जिला बोलायचं तिने दाबून बोलायचं.

आणि कोरियनच का? त्या सगळ्या हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघत होत्या, हे एक. पण खरं कारण मंगलने सांगितलं.

“आपलं गाणं लागलं की शब्द ऐकायला हात थांबतो. मग आठवणी येतात, मग रडू येतं. यांचं काही कळत नाही. हात चालू राहतो आणि वरून गप्पाही मारता येतात.”

परबकाकूंची पसंती वेगळ्या कारणासाठी होती. नातीने त्यांना फोनवर एक निळ्या केसांचा गायक दाखवला होता. “आमच्या बाबल्यान केस निळे केल्यान तर फोडून काढीन त्येका. पण ह्या झिलाक शोभतत.”

आमच्या धंद्यात क्लायंटचं नाव सांगायचं नसतं. पण सामंत स्वतःच बोलून गेले. “मी स्टेशनचाच आहे. आम्हाला वाटलं होतं की हे आवाज एकच बाई काढते, रोशेल तिच्याकडून काढून घेते.”

हात थांबले.

“म्हणजे आम्ही खोट्या?” मंगल म्हणाली.

“तसं नाही हो...”

“आणि त्या पोरीक कामावरून काढतलास?” परबकाकूंनी विचारलं. सामंतांनी अजून काही ठरलेलं नाही, असं काहीतरी सांगितलं. काकूंनी स्टुलावरचा फोन त्यांच्यापुढे धरला. “बोल. नाव सांग, मजलो सांग. आमी सगळी तशीच सांगतंव.”

ज्यांच्या एका ईमेलने स्टेशनमधली माणसं उभी राहतात, ते सामंत गॅलरीत उकिडवे बसले आणि बटण दाबून बोलले. “मी... सामंत. घोडपदेव. दुसरा मजला. परबकाकूंना आवडतं ते गाणं लावा. निळ्या केसांच्या मुलाचं.”

गाणं संपलं. “आपला लाडका नंबर,” रोशेल म्हणाली, “बघू आज कोण आहे.” आणि सामंतांचा आवाज त्या स्टुलावरच्या रेडिओतून पूर्ण गॅलरीत, आणि मुंबईभर, ऐकू आला.

मग काहीच नाही. रेडिओवर अशा शांततेला डेड एअर म्हणतात आणि तो गुन्हा मानतात. त्यावरून एरवी सामंतच आरजेंना झापतात. आता ते नुसते रेडिओकडे बघत होते.

“सामंत,” रोशेल शेवटी म्हणाली. “नाव नवीन आहे. दुसऱ्या मजल्यावर स्वागत. आणि परबकाकू, मागे खोकताय ते ऐकू येतंय मला. औषध घ्या.”

एकच हशा झाला. लताने सामंतांच्या हातात मण्यांची पाटी दिली, बसलाच आहात तर निवडा म्हणाली. पडद्यामागून सुरेखा ओरडली, “आवाज कमी करा गं, झोपू द्या.”

पण एक मजला म्हणजे पुरावा नाही. हे मी परतताना टॅक्सीत सामंतांना बजावलं, कारण ते आता दुसऱ्या टोकाला जाऊन सगळी मुंबई कोरियन झाल्यासारखं बोलत होते. आम्ही सोमवारचा निर्णय पुढे ढकलून घेतला आणि फॉर्मचा पहिला प्रश्न बदलला. ‘काल दुपारी तीनला तुम्ही कुठे होतात? तिथे काय वाजत होतं? कोणाचंही असो.’ मग घोडपदेव, लालबाग, वरळीच्या बीडीडी चाळी आणि तुलनेसाठी दादर-शीवचे फ्लॅट, असं सगळं पुन्हा मोजलं.

जिथे दारं दिवसभर उघडी तिथे एका रेडिओभोवती बायका सापडल्या. सगळीकडे कोरियन नव्हतं, पण रोशेलचा तास पुष्कळ गॅलऱ्यांमध्ये वाजत होता. फ्लॅटमध्ये पहिल्याइतकाच शुकशुकाट. बीडीडीतली जी कुटुंबं नव्या टॉवरमध्ये राहायला गेली होती तिथेही तेच. आता प्रत्येकीकडे रेडिओ ठेवायला जागा होती आणि लावत कोणी नव्हतं.

कार्यक्रम राहिला. रोशेलही राहिली. ऐकणाऱ्या कोण ते कळल्यावर कार्यक्रमातली कॉलेज बॅगांची जाहिरात गेली आणि एका चहाच्या कंपनीची आली. सामंतांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हटलं आणि खोकल्याबाबत तिचं बरोबर होतं, असंही जोडलं.

इरा, तू हेडफोन लावून ऐकतेस तेव्हा अ‍ॅप तुला एक मोजतं आणि ते बरोबरच असतं. एका नंबरामागे एक माणूस, ही समजूत तुझ्यापुरती खरी आहे. ती कुठे खरी नाही हे मात्र तिथे जाऊन, चटईवर बसूनच कळतं.

सॉफ्टवेअर सुरेखाच्या नंबरापुढे अजूनही लाल खूण करतं. सामंत दर सोमवारी ती स्वतःच्या हाताने काढतात. यंत्राला मजला समजावून सांगायची सोय अजून निघालेली नाही.