वास न येणारी गाडी

"दोर काढा डॉक्टर, पाणी तापत ठेवलंय," महादेवीअक्का म्हणाल्या आणि मी सवयीनं डिकीचं बटण दाबलं. त्या गाडीची डिकी हातानं उघडावी लागत नसे. बटण दाबलं की ती आपली आपण, नाटकाचा पडदा वर जावा तशी, सावकाश वर जायची. अक्का आणि त्यांचा मुलगा बसवराज, दोघंही पडदा वर जाईपर्यंत उभे राहिले. पडदा वर गेला. आत काच पुसायचं मऊ फडकं, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, सुगंधाची बाटली आणि एक छत्री होती.

दोर नव्हते.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीत हदगावपासून देवणीपर्यंत बदल्या झाल्या. निवृत्त झाल्यावर उदगीरला स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. गाय अडली, म्हणजे वासराला बाहेर येता येईना, की आम्हाला सगळ्यात आधी लागतात ते दोर. गुळगुळीत, उकळून घेतलेले, टोकाला फास असलेले. आत हात घालून ते वासराच्या पायांना, डोक्याला अडकवायचे आणि कळेबरोबर ओढायचं. हे दोर, खांद्यापर्यंत येणारे हातमोजे, गमबूट, रबरी एप्रन आणि आत हात सरकावा म्हणून पातळ पॅराफिनचा कॅन, असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत असतं. अख्ख्या नोकरीत ही पेटी माझ्या जीपमधून खाली उतरली नाही. त्या दिवशी ती माझ्या घरामागच्या शेडमध्ये, रिकाम्या सिलिंडरच्या शेजारी बसली होती. ती तिथं कशी गेली हे सांगायचं तर गाडीपासूनच सुरुवात करावी लागेल.

निवृत्तीनंतर लातूरला एका लग्नाला गेलो होतो. मुलीचे वडील माणसांचे डॉक्टर, पाहुणेही बहुतेक माणसांचेच डॉक्टर. मंगल कार्यालयाच्या वॉचमननं माझी जीप बघितली, जरा हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "केटरिंगवाले मागच्या गेटनं." मी मागच्या गेटनं गेलो. जेवलोही तिकडंच, कारण आचारी ओळखीचा निघाला. त्याच्या म्हशीला मी कधीतरी औषध दिलं होतं. जेवण उत्तम झालं, पण डोक्यात किडा शिरला. उभा जन्म शेण, जार आणि फिनेलच्या वासात काढला. आता एक तरी वस्तू अशी पाहिजे की जिला वास नाही.

ती नांदेडला मिळाली. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका सेठच्या शेडमध्ये गडद निळी जर्मन स्पोर्ट्स सेडान उभी होती. स्पोर्ट्स सेडान म्हणजे दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण इंजिन, ब्रेक, स्प्रिंगा सगळं शर्यतीच्या स्वभावाचं.

"डॉक्टरसाब, गाडी सेकंड हँड हाय, पर वापरलेली न्हाई," सेठ म्हणाले. "बिल्डरची व्हती. ते निस्ते आत बसून गाणे ऐकायचे."

"पळते कशी?"

"पाच-सहा सेकंदात शंभर."

देवणीच्या रस्त्याला शंभरचा वेग कुठं गाठायचा, हे मी विचारलं नाही. दोन गतिरोधकांच्या मधे गाठायचा असणार. मी दार उघडलं. आत क्रीम रंगाच्या चामडी सीटा होत्या. चामडं कुठल्या जनावराचं हे बोट लावताच कळलं, पण अशा वेळी माणूस धंद्याचं ज्ञान बाजूला ठेवतो. गाय घेणाऱ्याला मी काय सांगत आलो? दात बघा, खूर बघा, सड दाबून बघा, चालवून बघा आणि रंगावर जाऊ नका. मी रंगावर गेलो. जीप त्याच आठवड्यात विकून टाकली.

बायको, सुमन, गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "तुम्ही हिच्यातनं गोठ्यावर जाणार?"

"जपून जाईन."

"कुणाला जपून? गाईला का गाडीला?"



गाडी घरी आल्यावर एकेक कळायला लागलं. तिचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नव्हतं. गतिरोधक आला की ती तिरकी घालायची, एकेक चाक अलगद उतरवायचं आणि मागच्या टेम्पोवाल्याच्या शिव्या खायच्या. टायरची रबरी कड भाकरीच्या काठाएवढी. खड्ड्यात आदळलं की टायरच्या अंगाला टेंगूळ येतं. तसलं टेंगूळ औषधानं बसत नाही, टायर बदलावंच लागतं आणि ते हैदराबादहून मागवावं लागतं. स्टेपनी तर नव्हतीच. पंक्चर झालं तरी टायर काही अंतर चालतं, मग स्टेपनी कशाला, असा कंपनीचा विचार. काही अंतर म्हणजे जवळच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत. आमचं जवळचं सर्व्हिस सेंटर दुसऱ्या राज्यात होतं.

शिवाय स्टिअरिंगजवळच्या स्क्रीनवर रोज काहीतरी पिवळं उमटायचं. मुक्या जनावरांचं दुखणं ओळखण्यात माझी हयात गेली. हे जनावर दिवसभर बोलायचं आणि मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. उदगीरचा मिस्त्री बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला. "सर, हात घालायला जागाच न्हाई. झाकून टाकू?" झाकून टाकलं.

हे सगळं मी हौसेनं सोसलं. इथपर्यंत नुकसान फक्त माझं होतं.

मग एकदा जार अडकलेल्या म्हशीकडून परत येताना ओला एप्रन पेटीतून घसरला आणि डिकीच्या गालिच्यावर रात्रभर पडून राहिला. जार म्हणजे वासराबरोबर पोटात असते ती पिशवी. ती वेळेवर पडली नाही की सडते, आणि तो वास ज्यानं घेतला त्याला सांगावा लागत नाही. एसी लावला की तो पुढं यायचा. मी गाडी लातूरला धुवायला नेली. तिथल्या पोरानं डिकी उघडली आणि दोन पावलं मागं सरला.

"सर, आत काही मेलं होतं का?"

"मेलं नव्हतं. जन्मलं होतं."

त्याला विनोद आवडला नाही. मलाही आवडला नव्हता. धुतल्यावर वास गेला. घरी आल्यावर मी पेटी उचलली आणि शेडमध्ये ठेवून दिली. रोजच्या केसेस ताप, पोटफुगी, कृत्रिम रेतन अशा. त्याला हातातली बॅग पुरते. अडलेली गाय कधीतरी येते. फोन आला की पेटी टाकू आणि निघू. विचार अगदी बिनचूक होता. फक्त फोन मी घरी असतानाच येईल, हे मी परस्पर धरून चाललो होतो.

फोन आला तेव्हा मी देवणीकडून एका बैलाला इंजेक्शन देऊन परत निघालो होतो.

महादेवीअक्कांचं गाव त्याच रस्त्याला, जरा आत. नवरा गेल्यावर त्यांनी आणि बसवराजनं शेती सांभाळली, आणि शेतीपेक्षा जास्त जीव लावून देवणी जातीच्या गाई सांभाळल्या. लंपीच्या साथीत त्यांची सगळ्यात देखणी गाय गेली. त्या गाईची एकच कालवड मागं राहिली, चंद्री. चंद्रीला रेतन करून गाभण केलं ते मीच. तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, हिला कालवडच व्हावी. हिच्या आईचा वंश न्हाई तर हितंच थांबतंय बगा."

"कालवड का गोऱ्हा, ते माझ्या हातात नाही, अक्का."

"मग तुमच्या हातात काय हाय?"

"बाहेर सुखरूप काढणं."

तर फोनवर अक्का सांगत होत्या, "चंद्री सकाळधरनं कळा द्यायली. दोन पाय दिसायलेत, तोंड दिसंना. या लवकर."

"आलोच," मी म्हणालो. पेटी सोबत नाही हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतक्या वर्षांत अडलेल्या गाईकडं जाताना ती सोबत नाही असं कधी झालंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर डोक्यात जागाही नव्हती. त्या सगळ्या रस्त्यात मी गाईचा विचार थोडा केला आणि टायरचा फार. खड्डा दिसला की थांबत होतो, खडी दिसली की रांगत होतो. फाट्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरनं मला ओव्हरटेक केलं. शेवटी पांदण लागली. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे उंच वरंबा. गोठा समोर दिसत असताना गाडी त्या वरंब्यावर पोट टेकून बसली. चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. तशीच सोडून उतरलो, आणि डिकी उघडली.

"पेटी घरी राहिली," मी म्हणालो.

अक्कांनी पुन्हा एकदा आत वाकून बघितलं. "मग हे काय हाय?"

"फडकं."

बसवराजनं लगेच जुनी मोटारसायकल काढली, माझ्या गाडीच्या कडेनं बांधावरून घातली. "काकूंना फोन करून ठिवा," एवढं म्हणून तो उदगीरकडं गेला.

मी हात धुऊन चंद्रीकडं गेलो. आत हात घातल्यावर दुखणं लगेच समजलं. वासराचे पुढचे दोन पाय वाटेत बरोबर होते, पण मान डावीकडं वळून तोंड स्वतःच्याच बरगडीवर गेलं होतं. अशा वेळी नुसते पाय ओढले तर मान आणखी अडकते. वासराला आधी मागं ढकलायचं, मग डोक्याला दोर घालून तोंड वाटेकडं वळवायचं. मी वासराच्या दोन खुरांच्या मधे चिमटा काढला. पाय आत ओढला गेला.

"जिवंत आहे."

"हाय?"

"आहे, अक्का."

बॅगेत भुलीचं औषध होतं. शेपटीच्या मुळाशी ते दिलं की गाय जोर करायचं थांबते आणि आत काम करायला जागा होते. जागा झाली. माझी बोटं वासराच्या जबड्यापर्यंत पोचत होती आणि निसटत होती. अक्कांनी बैलाचा सुती कासरा उकळून दिला. तो भिजून फुगला, खरखरीत झाला. साबण लावला तरी आत सरकेना. सरकला तर फास बसेना, बसला तर सुटायचा. चंद्रीनं बसून घेतलं. मीही मातीत आडवा झालो. अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन कानडीत तिच्याशी बोलत होत्या. त्यांच्या घरात जनावरांशी कानडीच बोलतात.

काही वेळानं पुन्हा चिमटा काढला. पाय हलला, पण आळसावल्यासारखा. नंतर काढला तेव्हा हलला नाही. मी पुन्हा जबड्याकडं बोटं नेली. अक्कांचं कानडी बोलणं मात्र थांबलं.

बसवराज पेटी घेऊन आला. पॅराफिन आत सोडलं, दोराचा फास कानांमागून नेला, एका हातानं वासरू मागं रेटलं, दुसऱ्यानं दोर ओढला. डोकं अलगद वळून वाटेत आलं. बसवराजनं कळेबरोबर पाय ओढले. अक्कांच्या सुनेनं आणून ठेवलेला चहा गार व्हायच्या आत काम संपलं होतं.

कालवड होती. अंग पांढरं, गालांवर काळं. आमच्याकडं ह्याला वानेरा म्हणतात. अंग गरम होतं. नाकातोंडातला चिकटा काढला, उलटी धरली, छाती चोळली, नाकात काडी घातली, कानात गार पाणी सोडलं. कॉलेजात शिकवलेलं सगळं केलं, न शिकवलेलंही केलं. बसवराजनं शेवटी माझा हात धरला.

अक्का जवळ येऊन बसल्या. कालवडीच्या गालावरून बोट फिरवलं. "आजीवर गेलती," म्हणाल्या. मग तिच्यावर पोतं टाकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची गाडी जरा बाजूला घ्या. हिला खालच्या शेतात न्यायचंय, ट्रॅक्टरला वाट न्हाई."

गाडी बाजूला होईना. ती वरंब्यावर तशीच बसलेली. मग ट्रॅक्टरनं आधी माझी गाडी ओढायचं ठरलं. साखळी बांधायची कडी कुठं आहे, बसवराजनं विचारलं. मला माहीत नव्हतं. समोरच्या बंपरवरचं एक झाकण काढून तिथं कडी पिळून बसवायची असते, हे मी माहितीपुस्तक उघडून वाचलं. तेवढा वेळ ती कालवड पोत्याखाली बांधावर पडून होती आणि अक्का शेजारी उभ्या होत्या, माझं वाचून होण्याची वाट बघत.

चंद्री जगली. गर्भाशयात झालेलं पू-पाणी मी येऊन-जाऊन बरं केलं. पण ती पुन्हा गाभण राहिली नाही. पुढं अक्कांकडं देवणीचा एक तरुण डॉक्टर जायला लागला. तो मोटारसायकलवर येतो, मागं दोरीनं क्रेट बांधलेला असतो. अक्कांच्या जागी मी असतो तरी त्यालाच बोलावलं असतं.

गाडी नांदेडच्या त्याच सेठला परत दिली. त्यांनी दार उघडून आतला वास घेतला आणि खूश झाले. "डॉक्टरसाब, एकदम नवी ठिवली तुमी." मी जुनी जीप शोधली. नेमकी माझीच मिळाली नाही, तिच्यासारखी मिळाली.

मधे उदगीरच्या जनावरांच्या बाजारात अक्का भेटल्या. बसवराज एका गाईचे दात बघत होता.

"गाडी दिसंना तुमची," अक्का म्हणाल्या.

"विकली."

"व्हय? चांगली व्हती की." त्या मनापासून म्हणाल्या. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

नव्यानं पास झालेली पोरं अधूनमधून विचारतात, सर, प्रॅक्टिसला गाडी कुठली घ्यावी. मायलेज, इंजिन, कंपनी, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एवढंच सांगतो: आत शेण पडलं तर ज्या गाडीचं तुम्हाला वाईट वाटणार नाही, ती घ्या.