प्लेटवरचं तरट

खर्चाचा अंदाज विचारणारा माणूस मी त्या काळात दुरूनच ओळखायचो. तो आधी उन्हावर वीज करणाऱ्या प्लेटकडे बघायचा, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे, आणि विचारायचा, एका घराले किती पडंल? घर केवढं, दिवे किती, ते किती वेळ लावणार, असं मी विचारलं की त्याला राग यायचा. बैल घ्यायला गेलेल्या माणसाला आधी तुझं वावर किती ते सांग असं कोणी म्हणत नाही, हे मलाही कळत होतं. पण उन्हावरच्या दिव्याचं गणित तसंच चालतं. आधी दिवा आणि त्याचे तास, त्यावरून बॅटरी, मग ढगाळ दिवसांची बेगमी, मग प्लेट, आणि पैसे सगळ्यांत शेवटी. वर्धा जिल्ह्यातल्या किती ओसऱ्यांवर बसून हे सांगितलं असेल याचा हिशेब नाही. सांगून झालं की समोरचा मान हलवायचा आणि म्हणायचा, हाव, थे बराबर आहे, पन पडंल किती?

हे मी चिडून लिहितो आहे, कारण चिडून लिहायला सोपं जातं. सांगायचं आहे ते दुसरंच. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूवर मी एक आळ घेतला, आणि तो खोटा आहे हे कळल्यावरही दोन वर्षं तिच्या माथी राहू दिला.

मी वर्ध्याजवळच्या एका केंद्रात नोकरीला होतो. खेड्यात उपयोगी पडतील अशा वस्तू करून दाखवायच्या, हे आमचं काम. सत्तरच्या पुढेमागे मी लागलो तेव्हा गोबर गॅसचे दिवस होते, मग बिनधुराची चूल आली, आणि ऐंशीनंतर सूर्य. सुरुवातीच्या प्लेटांत निळ्या गोल चकत्या असायच्या आणि त्यांची किंमत ऐकून माणसं उठून जायची. मग एक दिवस नव्या तऱ्हेच्या दोन-चार प्लेटा चाचणीसाठी आल्या. काचेवर नुसता तपकिरी लेप, चहा सांडून तिथेच वाळावा इतका पातळ. कॅल्क्युलेटरवर जी तपकिरी पट्टी असते तिचीच ही मोठी बहीण. माल कमी लागतो म्हणून स्वस्त. आमचे साहेब तिला खेड्यांचं भविष्य म्हणायचे. मी गच्चीवर मीटर लावून आठवडाभर तिचा जोर मोजला, आकडे चांगले आले, आणि पुढचे सगळे अंदाज मी त्या आठवड्याच्या आकड्यांवर काढले.

पहिला अंदाज बहिणीच्या घरचाच.

तिचं गाव आर्वीपासून बरंच आत. विजेचे खांब गावात कधीचे उभे होते, तारा नव्हत्या. म्हशी त्या खांबांना पाठ घासायच्या, तेवढाच त्यांचा उपयोग. बहीण दिवसा वावरात जायची आणि दिवेलागणीनंतर शिलाई मशीनवर बसायची. गावातल्या बायांची पोलकी, पोरांचे शाळेचे कपडे. त्या शिलाईचे चार पैसे तिचे स्वतःचे होते, ते मागायला कोणापुढे हात करावा लागत नव्हता. पण कंदिलाच्या उजेडात एकदा सुई बोटातून आरपार गेली आणि डोळेही दुखायला लागले. मला चुलीपाशी बसवून ती म्हणाली, “मले फकत मशीनवर उजेड पाह्यजे रे. बाकीचं त्याइचं चालू दे.”

बाकीचं म्हणजे भाटव्यांचं. भाटवे, म्हणजे तिचा नवरा, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याशी अंदाज काढत बसणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. एक ट्यूब म्हणून बसलो की रेडिओ आला. रेडिओ धरला की पंखा आला. पंख्यापर्यंत पोचलो तर आर्वीला कोणाकडे टीव्ही पाहून आले. प्रत्येक वेळी मी नव्यानं सगळं मांडायचो, आणि शेवटचा आकडा ऐकला की ते परत एका ट्यूबवर यायचे आणि त्या एका ट्यूबच्या आकड्यावरही घासाघीस करायचे.

“साळेबुवा, एवढ्यात तर एक गोऱ्हा येते,” ते म्हणाले. “अन् गोऱ्हा ढगातबी गोऱ्हाच राह्यते.”

मी कंटाळलो. खरं तर त्या घराला दोन प्लेटा लागत होत्या. गच्चीवरचे आकडे भरवशाचे धरून मी ढगाळ दिवसांची बेगमी कापली, प्लेट एकच केली, आणि हा अंदाज पक्का आहे असं सांगितलं. पक्का हा शब्द माझाच.

दिवाळीत आम्ही प्लेट छपराच्या कवेलूंवर बसवली. मशीनच्या वर पांढरी ट्यूब लागली तेव्हा अर्धं गाव ओसरीत आलं. बहिणीनं लगेच एक बाही जोडायला घेतली.

आता तिच्या सासूबद्दल. मी तिला मावशी म्हणायचो. बुटकी, तोंडाळ, प्रत्येक गोष्टीत हात घालणारी. प्लेट बसवताना तिनं मला नको नको करून सोडलं होतं. हिले पानी लागते का, पावसात सडंल का, माकडं बसली तर का करता? मी केंद्राचा माणूस, अशा प्रश्नांची उत्तरं द्यायलाच मला पगार मिळत होता, तरी मी तिला एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाही. मावशी, तुमी फक्त हात नका लावू, एवढं म्हटलं. तिनं ऐकलं नाही. ती शिडी लावून ओल्या फडक्यानं काच पुसायची, देवाची भांडी पुसावीत तशी.

होळीला मी गेलो तेव्हा बहीण म्हणाली, ट्यूब पहिल्यासारखी चालत नाही, काम अर्ध्यात असताना फडफडते. मी म्हटलं, धूळ असेल, बॅटरीत पाणी पाहा. आणि पुरणपोळी खाऊन निघून आलो.

वैशाखात भाटव्यांचा निरोप आला, प्लेट बिघडली, येऊन पाहा. मी दुपारच्या एस.टी.नं गेलो. आर्वीकडचं त्या दिवसांतलं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. अंगणात पाऊल टाकलं आणि वर पाहिलं, तर प्लेटवर ओलं तरट पसरलेलं. भर दुपारी, उन्हासाठी आणलेली प्लेट, आणि तिच्यावर ओलं पोतं.

मी खालूनच ओरडलो. मावशी बाहेर आली. ऊन फार तापलं की ती दुपारपुरतं तरट टाकत होती, थोड्याच दिवसांपासून.

“काच हाये बाप्पा,” ती म्हणाली. “कंदिलाची तडकते, ही नाई तडकनार? एवढी महागाची वस्तू, मी जपून राह्यली.”

“मावशी, ही तुमीच बिघडवली,” मी म्हटलं. शेजारची चार माणसं कुडावरून ऐकत होती. “उनावर चालनारी वस्तू झाकून ठेवता? बॅटरी उपाशी मारली तुमी.”

कुडापलीकडे कोणीतरी हसलं. भाटव्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. चूक सापडली होती, आणि ती घरातलीच होती, आता कोणाला जाब विचारायचं कारण उरलं नव्हतं. मावशी तशी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी तिनं पदर सावरला आणि आत गेली.

बहीण दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. ट्यूब फडफडते हे तिनं होळीलाच सांगितलं होतं आणि तरट टाकणं आताचं होतं, हे दोन्ही त्या अंगणात आम्ही दोघंच जुळवून पाहत होतो, ती आणि मी. ती सून होती, ती सासूची बाजू घेऊन भावाला खोटं पाडणार नव्हती. आणि मी ते लक्षातच येऊ दिलं नाही. हे म्हणणंही पळवाट आहे. लक्षात आलं होतं.

गावाला एक गंमत मिळाली. मावशी रस्त्यानं निघाली की कोणीतरी विचारायचं, काऊन मावशी, आज सूर्य झाकला का? डिझेलच्या चक्कीवर दळणाला बाया बसत, तिथे तर ती दिसली की आधी हशा आणि मग राम राम. ट्यूब पुढे पावसाळ्यात बंदच पडली आणि बहीण पुन्हा कंदिलावर आली.

त्याच वर्षी, पाऊस संपल्यावर, केंद्रानं मला नागपूरला एका प्रशिक्षणाला धाडलं. बाहेरून आलेले एक गृहस्थ या पातळ लेपाच्या प्लेटांबद्दल बोलत होते. ते सहज म्हणाले, जसं आपण नवं कापड धुतल्यावर आटतं म्हणतो तसं, की ही प्लेट उन्हात ठेवली की पहिल्या काही महिन्यांत तिचा बराचसा जोर आपोआप कमी होतो आणि मग ती एका जागी स्थिरावते. म्हणून नव्या प्लेटचे आकडे अंदाजाला कधी धरायचे नाहीत. बाकीचे लिहून घेत होते. माझ्या हातात चहा होता. दिवाळी ते होळी, मी मनात म्हटलं. तरट नव्हतंच.

तरट टाकणं बरोबर नव्हतं हे खरं. दुपारपुरता त्यानं तोटाही केला असेल. पण ट्यूब मेली ती माझ्या अंदाजानं.

त्या संध्याकाळी परत येताना मी ठरवलं की येत्या रविवारी जाऊन सांगायचं. वर्ध्याला लागूनच नालवाडीला माझी खोली होती, तिथून आर्वीची गाडी पकडायला किती वेळ लागतो. पण रविवार आला आणि मी कपडे धुतले. पुढचे रविवारही असेच गेले. दुसऱ्या गावांचे अंदाज मी गुपचूप दुरुस्त केले, सगळीकडे प्लेटा वाढवल्या, आणि का वाढवल्या असं विचारणाऱ्यांवर खेकसलो. बहिणीच्या घराचा अंदाज तेवढा दुरुस्त केला नाही, कारण तिथे आकड्याबरोबर एक माणूसही दुरुस्त करावं लागणार होतं. भाटवे गोऱ्ह्याचा हिशेब काढतील, केंद्रात कळलं तर साहेब काय म्हणतील, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. ती सगळी खोटी नव्हती. पण खरं कारण एवढंच की भर अंगणात ओरडलेला माणूस मी होतो, आणि मला परत त्या अंगणात लहान होऊन उभं राहायचं नव्हतं.

दोन वर्षांनी बहीण डोळे दाखवायला वर्ध्याला आली आणि माझ्याकडे उतरली. बोलता बोलता सासूवर चिडली. म्हातारी चक्कीवर जायला तयार नाही, मला जाऊ देत नाही, पहाटे उठून जात्यावर ज्वारी दळत बसते. खांदा धरला आहे, हात वर होत नाही, तरी ऐकत नाही. काऊन म्हणून विचारलं तर म्हणते, तिथं लोकं हासतात. सांगताना बहिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतली औषधाची बाटली ती उगाच पुसत राहिली.

मी तिच्याबरोबरच गेलो.

ओसरीवर सगळे बसल्यावर मी सांगितलं. काही वगळलं नाही, होळीचंही. भाटव्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “साळेबुवा, तुमी लय मोठ्या मनाचे. म्हातारीची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यले.” मी पुन्हा सांगितलं, अजून सोपं करून. ते हसले आणि बहिणीला चहा टाकायला सांगितलं. एके काळी मी लोकांना चुकीचे आकडे खरे म्हणून पटवले होते, आणि ही एक खरी गोष्ट मला पटवता येत नव्हती. डोकं आपटून घ्यावं असं वाटलं.

मावशी खांबाला टेकून बसली होती. तिनं विचारलं, “तवा काऊन नाई सांगतलं?”

“लाज वाटली, मावशी.”

“मंग मले काऊन वाटू देल्ली?”

तेवढं विचारून ती उठली, आत गेली आणि डाव्या हातानं ज्वारीचा डबा घेऊन आली. मी घ्यायला गेलो तर दिला नाही. “इथं सांगून का उपेग,” ती म्हणाली. “चक्कीवर चाल.”

चक्कीवर इंजिन चालू होतं. भिंतीलगत बाया बसल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं तर माझंच मला ऐकू येईना. चक्कीवाल्याला खूण केली, त्यानं वरच्या खोक्यातल्या धान्याकडे बोट दाखवलं, हे सरल्याशिवाय बंद होणार नाही. मग मी तिथे पीठ अंगावर घेत उभा राहिलो. बाया माझ्याकडे आणि मावशीकडे आळीपाळीनं बघत होत्या. धान्य सरता सरेना.

इंजिन थांबलं. मी सांगितलं, की प्लेट मावशीनं बिघडवली नाही. तिचा जोर उन्हात आपोआप कमी होणार होता, ते मला आधी माहीत नव्हतं. मग कळलं, तरी मी दोन वर्षं सांगितलं नाही. प्लेटा दोन लागत होत्या, मी एक सांगितली. मध्येच मी बॅटरीचं समजावायला लागलो, मावशीनं नुसतं पाहिलं, मी ते सोडून दिलं.

मग कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, “म्हंजे सूर्य या सायबानंच झाकला म्हना.” बाया हसल्या, चक्कीवालाही हसला.

मावशी हसली नाही. तिनं डबा रांगेत लावला, दोन बायांच्या मध्ये जागा करून घेतली आणि खाली बसली. दुखरा हात मांडीवर ठेवला.

“झालं ना तुह्यं,” ती मला म्हणाली. “जाय आता. यष्टी चुकंल.”