फ्लेक्सवरची एकच जागा

काही घरांत जुन्या छत्र्या साठतात. आमच्या घरात फुटबॉलच्या गोष्टी साठल्या आहेत. आता पुरे म्हणावं, तर कोणीतरी येतो, त्यातली एक उघडून बघतो आणि म्हणतो, "अरे, ही अजून चांगली आहे की." मग ती परत खुंटीवर.

मी स्वतः बॉलला कधी पाय लावलेला नाही. पण माझं लग्न धागा इलेव्हनच्या गोलकीपरशी झालं. टीममधले बरेचसे पावरलूमवर काम करणारे, म्हणून हे नाव. टीम खेळायची थांबली त्याला पंधराएक वर्षं झाली. तेव्हापासून ती बोलते. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे संध्याकाळी आमच्या टेमघरच्या ओट्यावर सगळे जमतात आणि विषय एकच. आपल्या टीमचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?

इतकी वर्षं हा वाद चहापुरता होता. यंदा मात्र त्याचा निकाल लावायची वेळ आली.

*

झालं असं, की ही मंडळी दर वर्षी टीमच्या नावाने मुलांची टूर्नामेंट भरवतात. तिचा फ्लेक्स दत्तू फुकट छापून देतो. दत्तू पूर्वी टीमचा बॅक होता, आता त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे.

गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर एकतीस फोटो होते. कोणाला नाराज करायचं नाही म्हणून खेळाडू, त्यांचे भाऊ, जर्सीचं कापड देणारे शेठ, शेठचे जावई, सगळे. फोटो लावता लावता टूर्नामेंटचं नाव लिहायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ पुष्पगुच्छ घेऊन आमच्या दारात उभे. म्हणाले, "वाढदिवस नक्की कोणाचा ते कळलं नाही. घरात जो असेल त्याला द्या."

म्हणून यंदा दत्तूने सांगून टाकलं, "फ्लेक्स फुकट, पण फोटो एकच. टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू. ठरवा आणि मला कळवा."

त्या दिवसापासून आमचे हे रोज दाढी करायला लागले. शाळेत क्लार्क आहेत, एरवी एक दिवसाआड करायचे. चारचौघांत म्हणायचे, "मला काय त्याचं, कोणाचाही लावा." पण नवरा कोणत्या गोष्टीला 'मला काय त्याचं' म्हणतो, हे बायकोला कळतं. त्यांना तो फोटो हवा होता. फार हवा होता. आणि खरं सांगायचं तर मलाही.

*

यांच्या वाटेत उभे होते सलीमभाई, टीमचे स्ट्रायकर. तेव्हा ते लूम चालवायचे, आता एका कारखान्यात मुकादम आहेत.

लूमच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलं की कान जातात. सलीमभाईंना रेफ्रीची शिट्टी ऐकू यायची नाही. एका मॅचला ऑफसाइडची शिट्टी झाली, सगळे थांबले, समोरचा गोलकीपर पाणी प्यायला बाजूला गेला, आणि सलीमभाई एकटेच धावत जाऊन गोल मारून आले. वळून बघतात तर मैदानात कोणी हलत नाही. त्यांना वाटलं, सगळे थक्क झालेत.

त्या एका मॅचमध्ये त्यांनी असे दोन मारले, आणि शिट्टीच्या आधी एक. ती मॅच सलीमभाई अजून हॅटट्रिक म्हणून सांगतात.

एका शुक्रवारी हे म्हणालेच, "सलीमभाई, त्यातले दोन शिट्टी वाजल्यावरचे आहेत."

"सीटी रेफ्री की थी," सलीमभाई बशीत चहा ओतत म्हणाले. "गोल तो मेरा था ना?"

*

"आणि दहा नंबरची जर्सी कोणाची होती?" असंही सलीमभाईंनी विचारून पाहिलं. त्यावर सगळे हसले, कारण दहा नंबरचे टीममध्ये चार जण होते.

शेठनी कापड दिलं तेव्हा कुलकर्णी सरांनी शिंप्याला सांगितलं होतं, "ज्याला जो नंबर हवा, तो त्यालाच विचारून टाक." सर गणिताचे शिक्षक आणि टीमचे कोच. बॉलला पाय न लावलेलं माझ्याखेरीज दुसरं माणूस तेच. चौघांनी गुपचूप, एकेकट्याने जाऊन शिंप्याला दहा नंबर सांगितला. शिंपी बिचारा सांगितलेलं काम करणारा.

मॅचमध्ये रेफ्रीने वहीत लिहिलं, दहा नंबर, एक पिवळं कार्ड. थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं, दहा नंबर, दुसरं. मग म्हणाला, "दहा नंबर, बाहेर." चौघेही आकाशाकडे बघायला लागले. रेफ्रीने सरांना बोलावलं, "तुमचा कुठला तो तुम्हीच काढा."

सर आत गेले. चौघांकडे नीट पाहिलं. म्हणाले, "दत्तू, तू जा."

"सर, पण मी तर काहीच केलं नाही."

"म्हणूनच," सर म्हणाले.

*

आता यांची मॅच सांगते, म्हणजे ज्या मॅचच्या जोरावर यांना फोटो हवा होता ती.

त्या काळी रोज तासन् तास लाईट जायची. लाईट गेली की लूम बंद, म्हणजे खेळायला माणसं मोकळी. म्हणून आमच्या मॅचेस लाईट जाण्याच्या वेळा बघून ठरायच्या. एकदा राहनाळच्या गोडाऊनवाल्यांशी मॅच होती. दिवसभर पोती उचलणारी माणसं, मांड्या खांबासारख्या. हाफ टाइम झाला, खेळ परत सुरू झाला, आणि अचानक चारी गल्ल्यांतून लूमचा आवाज आला. लाईट वेळेच्या आधी आली होती.

सलीमभाईंच्या पायात बॉल होता. शिट्टी ऐकू न येणाऱ्या या माणसाला लूमचा आवाज बरोबर ऐकू आला. बॉल तिथेच सोडून ते मैदानाबाहेर पळाले. त्यांच्या मागे आणखी पाच. सगळ्यांची शिफ्ट होती.

उरले पाच जण, त्यात गोलमध्ये हे. सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर मॅच थांबवायची असते, हे आम्हाला पुढे टीव्हीमुळे कळलं. तेव्हा रेफ्रीलाही माहीत नव्हतं. मॅच पूर्ण झाली आणि आपण नऊ शून्यने हरलो.

"अकरा विरुद्ध पाच," हे दर शुक्रवारी सांगतात. "आणि खाल्ले नऊच."

सर म्हणतात, "नऊ गोल खाऊन मोठा व्हायला निघालेला गोली मी पहिलाच बघतोय."

पण राहनाळच्या टीममधले दोघे भाऊ पुढे आपल्याच टीममध्ये आले, तेही ओट्यावर असतात. त्यातला थोरला मला म्हणाला, "वहिनी, आम्ही त्या दिवशी वीस तरी मारणार होतो. हा माणूस मधे मधे येत होता."

लग्नानंतर यांच्याबद्दल इतकं चांगलं कोणी माझ्याकडे बोललेलं मला आठवत नाही. मी त्याला आणखी दोन भजी वाढली.

*

तुम्ही म्हणाल, खरा चांगला खेळाडू कोण होता? तो होता बारक्या, दिघाशीच्या पुढच्या पाड्यावरचा. भात कापून झालं की खेळायला यायचा आणि होळी झाली की शेताच्या कामाला जायचा. अनवाणी खेळायचा. सरांनी एकदा वर्गणी काढून त्याला बूट आणले. बारक्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, वास घेतला, खूश झाला. मॅच सुरू होताना माझ्याकडे आला आणि बूट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "वयनी, जरा धरा. मलतील."

मॅच अनवाणी खेळला, दोन गोल मारले, पाय धुतले, आणि मग बूट घालून चालत घरी गेला.

त्याचाच फोटो लावा, असं मी एकदा सुचवलं. सर म्हणाले, "वहिनी, वर्षातले चार महिने खेळणारा माणूस आजवरचा सगळ्यात मोठा कसा? फार तर एक तृतीयांश." गणिताच्या माणसाशी मी वाद घातला नाही.

*

मतदानाच्या आधी दत्तू म्हणाला, "दोघांचे खेळतानाचे फोटो द्या, कसे दिसतात बघू."

सलीमभाईंचा फोटो छान होता. केस उडालेले, पाय वर. यांचा एकच सापडला. दोन दिवस माळ्यावर चढून मी तो शोधला. फोटोत हे उजवीकडे झेप घेऊन हवेत आडवे, अगदी पक्ष्यासारखे, आणि बॉल डावीकडून गोलमध्ये चाललेला.

दत्तू माझ्यासमोर यांना म्हणाला, "काही प्रॉब्लेम नाही. कॉम्प्युटरवर बॉल काढून टाकतो. नाहीतर हातात देतो. कोणाला कळतंय? माझं मत तुलाच, गोली."

मला वाटलं, झालं काम.

हे म्हणाले, "बॉल काढलास तर मी हवेत कशाला उडालोय?"

"मग हातात देतो."

"माझ्या हातात नव्हता तो."

दत्तू अर्धा तास समजावत होता. यांनी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट खिशात. जाता जाता दत्तू मला म्हणाला, "वहिनी, या माणसाला मत कसं द्यायचं तुम्हीच सांगा."

*

मत हात वर करून द्यायचं ठरलं. स्वतः हे आणि राहनाळचे दोघे भाऊ, तीन हात यांच्या बाजूने. स्वतः सलीमभाई, सर आणि दत्तू, तीन हात सलीमभाईंच्या बाजूने. माझाही हात वर होता, पण त्यात गाळणी होती, म्हणून तो कोणी धरला नाही.

तीन आणि तीन. सर म्हणाले, "बारक्याचं मत राहिलंय. तो सांगेल तो."

रविवारी सकाळी दत्तूच्या गाडीतून सगळे दिघाशीला निघालो. यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

बारक्या खळ्यात होता. झोडणी आटपली होती, एका बाजूला पेंढ्याची उडवी रचलेली. आम्हाला बघून त्याने बसायला खाट ओढली, आणि त्याच्या बायकोने मला ओट्यावर नेऊन कोरा चहा दिला. सरांनी सगळं समजावून सांगितलं. फ्लेक्स, एक फोटो, तीन आणि तीन.

बारक्याने डोकं खाजवलं. "तोंडानं काय सांगू, सर? नातीचा बॉल हाय घरात. मी पाच मारतो. गोलीनं येक जरी आडवला, त मत त्याला. न्हाय त सलीमभाईला."

"मंजूर," सलीमभाई म्हणाले.

यांना मंजूर आहे का, हे विचारायच्या आत यांनी चपला काढल्या होत्या. उडवी आणि आंब्याचं खोड यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. गुडघ्याचं दुखणं आहे, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली आहे. मी हाक मारली, पण ऐकलं नाही.

पहिला बॉल गेला तेव्हा हे अजून बाह्या दुमडत होते. दुसरा बोटांना लागून आत गेला. तिसरा आंब्याच्या पलीकडे कोंबड्यांत गेला. राहनाळचा थोरला म्हणाला, "हा अडवला धरा." सर म्हणाले, "बाहेर गेलेला बॉल अडवला म्हणत नाहीत." चौथा दोन पायांमधून गेला, आणि बारक्याची बायको पदराआड हसली.

आता पाचवा. बारक्या चार पावलं मागे गेला. यांच्याकडे पाहिलं, त्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, आणि धावत येऊन मारला. बॉल घरंगळत सरळ यांच्यापाशी आला. हे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी तो छातीशी धरला.

राहनाळचे भाऊ ओरडत यांच्याकडे धावले. सलीमभाई टाळ्या वाजवायला लागले. मला पुढचं दिसेना, मी पदराने डोळे पुसले.

हे उठले नव्हते. बॉलकडे बघत होते.

"बारक्या, हा हळू मारलास."

"न्हाय रं, गोली. पाय सटाकला."

"हळू मारलास."

"अरे भाई, छोड़ ना," सलीमभाई म्हणाले. "पकड़ा तूने. खतम."

मीही ओट्यावरून म्हटलं, "अहो, झालं ना आता. उठा."

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक हात जमिनीला टेकून उभे राहिले, गुडघ्याची माती झटकली आणि बॉल बारक्याकडे टाकला.

"परत मार."

बारक्याने परत मारला.

फ्लेक्सवर सलीमभाईंचा फोटो आहे.