काठीला भ्यालेली पिंगी

दोन वर्षांमागं विहिरीच्या कडेवरून घसरला तेव्हापासून थावरा राठोडाचा उजवा गुडघा आखडला तो आखडलाच. हिंगोलीला दाखवून झालं, तेल-मालीश झाली, पाय काही पुरता वाकेना. पण घरी अकरा शेळ्या होत्या आणि त्यांना रोज माळावर न्यावंच लागायचं.

शेळ्या वळवायची त्याची एकच रीत होती. शेळीनं कुणाच्या पिकाकडं तोंड केलं, की हातातली काठी तिच्या पुढ्यात भिरकावायची. काठी दणकन आपटली की शेळी माघारी. पूर्वी चार ढांगांत तो काठी उचलून आणी. आता दगडधोंड्यांतून लंगडत जाईस्तोवर दुसरी शेळी दुसऱ्याच्या तुरीत शिरलेली असे.

सिद्धेश्वर धरणाकडच्या गावात दिलेल्या लेकीच्या, शिलाच्या घरी कारवानी कुत्री व्याली, तेव्हा थावरा एक पिल्लू पिशवीत घालून गोरेगावजवळच्या आपल्या तांड्यावर घेऊन आला. लांब तोंडाची, काडीसारख्या पायांची, पिंगट रंगाची. नाव आपोआप पिंगी पडलं.

“ही काठी आणून देनार?” त्याची बायको रुख्मिणीबाई हसली. “अवो, शिकारीची जात ही. ससा दिसला की शेळ्यालाबी इसरंल आन् तुमालाबी.”

“शिकवल्यावर आणंल,” थावरा म्हणाला.

शिकवण्याचं म्हणावं, तर त्याला एक जुनी चूक ठाऊक होती. त्याचा बाप सशामागं कुत्री सोडायचा त्या काळातली गोष्ट. पोरवयात थावराचा स्वतःचा एक कुत्रा होता, झपाट्या. झपाट्या ससा धरायचा, पण घेऊन लांब जाऊन बसायचा. थावरा ओरडत मागं धावायचा आणि हाती लागला की बडवायचा. तीन महिन्यांत झपाट्यानं हाकेला ओ देणं सोडलं. पुढं मरेपर्यंत तो भाकर खायला आला, पण हाताला लागला नाही. शिकार तर कधीच बंद झाली, कायदा आला, बापही गेला. त्या कुत्र्याचं ते लांबून बघणं मात्र थावराच्या मनातून गेलं नव्हतं.

म्हणून यावेळी त्यानं घाई केली नाही. जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून वीतभर मुटकुळं केलं. घराची भिंत आणि गोठा यांच्यामधल्या बोळात तो तोंडाशी बसायचा आणि मुटकुळं आत टाकायचा. बोळ पलीकडून बंद, म्हणजे पिंगीला परतायची वाट त्याच्याकडूनच. पहिल्या दिवशी तिनं चिंधी कोपऱ्यात नेऊन फाडली. तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी ती तोंडात धरून त्याच्यापर्यंत आली. त्यानं ओढून घेतली नाही; आधी मान खाजवली, मग भाकरीचा तुकडा नाकाशी धरला. तोंड उघडलं तसं हळूच म्हणाला, “दे.”

तीन वेळा टाकलं की खेळ बंद.

“अजून पाहिजे म्हनून राहिली ती. टाका की,” रुख्मिणीबाई म्हणायची.

“न्हाई. कंटाळा यायच्या आत थांबावं. उद्या आपल्या पायानं येती का न्हाई बघ.”

आणि यायची. दिवाळीपर्यंत चिंधी कुठंही टाका, पिंगी वाऱ्यासारखी जाऊन आणायची.

मग घात झाला. आठ दिवसांच्या करडाशी खेळता खेळता पिंगीनं त्याचा कान दातात धरला. करडू किंचाळलं, त्याची आई धावली, आणि थावराच्या हातातली काठी त्याला कळायच्या आत पिंगीच्या पाठीवर बसली. ती केकाटत बाजेखाली शिरली. दुसऱ्या दिवशी त्यानं नुसती काठी हातात घेतली, तर ती जमिनीला चिकटली आणि जागीच मुतली.

थावराला दिवसभर घास गोड लागला नाही.

“त्याच काठीनं मारायचं आन् तीच काठी आणायला लावायची,” रुख्मिणीबाई म्हणाली, “लेकराला काय कळावं?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. त्या दिवसापासून त्यानं काठी हातात घेणं सोडलं. घरात भिंतीला धरून चालू लागला. पंधरा-वीस दिवस शेळ्या रुख्मिणीबाईनंच नेल्या. काठी अंगणात आडवी पडलेली असायची आणि पिंगीची भाकर-दुधाची थाळी तिच्यापासून दहा हात लांब. रोज थाळी हातभर जवळ सरकायची. थावरा ओट्यावर बसून दुसरीकडंच बघायचा. बाराव्या दिवशी पिंगी काठीवर पाय ठेवून जेवली. मग त्यानं काठीच्या मधोमध तीच जुनी चिंधी गुंडाळली, आणि काठी जड जाते म्हणून दोन विती कापूनही टाकली.

“कुत्र्यापायी काठी कापनारा मी पहिलाच मानूस बघितला,” रुख्मिणीबाई म्हणाली, पण कोयता तिनंच आणून दिला होता.

अंगणात पिंगी काठी उचलू लागली. माळावरचं मात्र काही खरं नव्हतं.

पौषात एका सकाळी थावरा तिला घेऊन माळावर गेला. बांधापलीकडं ग्यानबा शेतकऱ्याची तूर शेंगांनी लगडलेली. तांबडी शेळी तिकडं निघालीच. थावरानं काठी भिरकावली, शेळी वळली. काठी धुळीत पडली आणि पिंगी उभ्या जागी थिजली. एकदा काठीकडं बघे, एकदा त्याच्याकडं.

तो ओरडला नाही. दगडावर बसला आणि तळवा उघडा करून मांडीवर ठेवला.

बऱ्याच वेळानं पिंगी गेली. काठीचं टोक धरून, दुसरं टोक धुळीत फरफटत निघाली. दहा पावलांवर आली, काठी टाकली आणि पोट टेकून पडून राहिली. कान मागं, शेपटी पायात.

उभं राहून तिच्याकडं जावं, तर ती पळेल. थावरा दगडावरून खाली उतरला आणि आखडलेला पाय लांब करून बसल्या बसल्या पुढं सरकू लागला. हातभर सरकायचा, थांबायचा. धोतर मातीनं भरलं. तीन हात उरले तेव्हा पिंगीची शेपटी हलली. ती उठली, काठी उचलली आणि त्याच्या मांडीवर आणून ठेवली.

“दे,” म्हणायचं तो विसरूनच गेला. तिची मान दोन्ही हातांत धरून बसला.

बांधावरून ग्यानबानं हाक दिली, “थावराभाऊ, पडला का काय? मातीत काहून बसून राहिला?”

“न्हाई गा. काठी घेऊन राहिलो.”

आता दहातल्या आठ वेळा पिंगी काठी आणते. उरलेल्या दोन वेळा बोरीखाली घेऊन बसते, आणि थावरा वाट बघतो. करडांना ती तोंड लावत नाही. करडं जवळ आली की स्वतःच बाजूला होते. परवा शिलाचा फोन आला, कुत्री पुन्हा व्याली म्हणून. थावरा काही बोलायच्या आत रुख्मिणीबाईनं फोन हातात घेतला.

“एक ठेव गं माज्यासाठी,” ती म्हणाली. “पिंगी माझी काठी कुठं आणती? तिला तुज्या बापाचीच तेवढी दिसती.”