दाढ भरायची की पोर भरती करायची

सरकारी आरोग्याचं कार्ड घरात आलं तेव्हा मी खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. ह्यांचं काम दुर्गाघाटावर, श्राद्ध-तर्पणाचं. यजमान आले तर आले, नाहीतर पंचांग घेऊन बसून राहायचं. अशा घरात कुणी म्हणालं की यापुढे दवाखान्याचा खर्च सरकार करील, तर आनंद होणारच. मी सांगलीकडे आईला फोन करून सांगितलं की काशीत आमची एक काळजी मिटली.

मुलगी तेव्हा दुसरीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत दातांची तपासणी झाली आणि तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. पोरीच्या तोंडात विजेरी धरून त्यांनी दाखवलं. पार मागे, खाली-वर, दोन्ही बाजूंना नव्या दाढा आल्या होत्या. "ये दूध के दाँत नहीं हैं," त्या म्हणाल्या. "इनके लिए कोई दाँत गिरता नहीं, इसलिए घरवालों को पता नहीं चलता. ये पक्के हैं, ज़िंदगी भर के." त्या दाढांच्या खाचा खोल होत्या. त्यांवर पातळ लेप लावला की खाचा बुजतात, अन्न अडकत नाही आणि दाढ किडत नाही. डावीकडच्या खालच्या दाढेत मात्र एक काळा ठिपका पडला होता. तेवढी लवकर भरून घ्या, बाकी तिन्हींना लेप लावा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

आधी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे दातांची खुर्ची होती, पण लेपाचं किंवा दाढ भरायचं सामान नव्हतं. मग ज्या इस्पितळाच्या दारावर 'येथे कार्ड चालते' असा भिंतभर फलक होता तिथे गेलो. कार्डाच्या खिडकीत एक गृहस्थ बसले होते.

"बीमारी क्या लिखें?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बीमारी नाही. बीमारी होऊ नये म्हणून लेप लावायचाय.

"बीमारी नहीं है तो कार्ड कैसे लगेगा?"

"मग एक दाढ किडतेय, ती तरी भरा," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "दाँत भरवाना है."

'भर' एवढंच त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम खुलला. "भर्ती होना है? भर्ती है तो सब फ्री है." मी म्हटलं, भर्ती नाही हो, दाढ भरायची आहे. तसा तो चेहरा पुन्हा मिटला. दाढ भरणं कार्डात बसत नाही. लेप तर नाहीच नाही. शेवटी माझी समजूत घालायला ते म्हणाले, "अरे बहनजी, दूध का दाँत है, गिर जाएगा."

त्या दिवशी मला कळलं की आपल्याकडे दाढ भरायची म्हटली तर नाही आणि पोर भरती करायची म्हटली तर हो. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं आपण पाहिलेली असतात. इथे माणूस तहानेने आडवा झाल्याशिवाय कुदळीला हात लावायचा नाही, असा नियमच करून ठेवलाय. म्हणे दात कोरून पोट भरत नाही. मग आमच्या पोरांचे दात कोरून कुणाचं पोट भरतंय, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पोरीचं तोंड उघडून पाहिलं, अर्थात चुकीच्या दाढेकडे, आणि म्हणाले, "अगं, दुधाचीच आहे. आणि असली पक्की, तरी पितृपक्षात हात जरा सैल होईल, तेव्हा बाहेर करून घेऊ." आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला राग आला, पण त्यांचंही खोटं नव्हतं. उन्हाळ्यात यजमान फिरकत नाहीत. मी रोज रात्री पोरीचे दात स्वतः घासून द्यायचे आणि तो काळा ठिपका वाढताना बघायचे.

श्रावणात गंगा चढली. दुर्गाघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, ह्यांचं काम बंद पडलं, आणि एका सकाळी पोर उठली ती गालावर हात ठेवूनच. "आई, दाढ फार दर्द करतेय." संध्याकाळपर्यंत डोळा बारीक झाला इतका गाल सुजला. ताप चढला, तोंड उघडेना, पाणीसुद्धा बाजूने ओघळायचं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. ह्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि आम्ही चिखलातून सडकेपर्यंत धावलो. ती वाटभर कण्हत होती. मी देवाचं नाव घेत नव्हते, त्या खिडकीला शिव्या देत होते.

इस्पितळ तेच, खिडकी तीच, गृहस्थही तेच. या खेपेला त्यांनी बसायला खुर्ची दिली. पोरीचा अंगठा घेतला, माझा घेतला, आणि सगळं भराभर मंजूर झालं. खाट मिळाली, सलाईन मिळालं, इंजेक्शनं मिळाली. जबड्याखाली चीर देऊन पू काढला आणि दाढ उपटली. एका थेंबभर लेपाला ज्यांच्याकडे जागा नव्हती, त्यांच्याकडे एवढ्या सगळ्याला जागा होती. डॉक्टरांनी मन लावून केलं, त्यांना मी दोष देत नाही. पोर वाचली. पण मला कुणाचे आभार मानवत नव्हते.

घरी सोडायच्या दिवशी ते गृहस्थ मोबाईल घेऊन खाटेपाशी आले. कार्डावर बरे झालेल्यांचे फोटो वर पाठवावे लागतात म्हणे. पोरीच्या हातात कार्ड देऊन ते म्हणाले, "बिटिया, ज़रा हँसो." तिचा अर्धा गाल अजून सुजलेला, हनुवटीखाली पट्टी. ती हसली नाही. मी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, फोटो माझा काढा, मी जशी दिसतेय तशी. त्यांनी काढला नाही.

ते गेल्यावर पोर तिची उपटलेली दाढ मागू लागली. नर्सबाईंनी ती कापसात गुंडाळून दिली होती. तिला ती घराच्या कोपऱ्यात उंदराच्या बिळात टाकायची होती, म्हणजे उंदीर नवी देतो.

"ही नाही येत परत," मी सांगितलं. "ही पक्की होती."

"पण बाबा तर दुधाची म्हणाले."

"बाबांना माहीत नव्हतं."

तिने कापूस उलगडून दाढ पाहिली. मग म्हणाली, "शाळेत आलेल्या डॉक्टर मॅडमना माहीत होतं ना? मग तेव्हाच ह्या लोकांनी दवा का नाही लावली?"

"तेव्हा तू आजारी नव्हतीस."

तिने जीभ फिरवून उजवीकडची दाढ चाचपली. त्या दाढेला अजून लेप लागलेला नव्हता.

"मतलब, इकडची पण आधी सुजायला पाहिजे?"