फिलू मावशीच्या पापण्या

माझी मावशी रडकी नव्हती. तिच्या पापण्या चुकीच्या कापल्या होत्या.

आज आमच्या गास गावात तिच्या मातीच्या वेळी जो तो मला सांगत होता, "बिचारी, कायम डोळ्यांत पाणी."
म्हणून लिहितोय.

फिलू मावशी आईची धाकटी बहीण. वसईच्या एका शाळेत इंग्लिश शिकवायची.

नव्वदच्या दशकाचा शेवट. पन्नाशी जवळ आली तशा तिच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या. स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारायचं, "टीचर, बरं नाही का?"

ऑपरेशन करते म्हणाली तेव्हा आई चिडली. "या वयात कोण बघतंय तुला?"
"मी बघते की. रोज आरशात."

मुंबईचा नामांकित कॉस्मेटिक सर्जन. त्यानं फोटो दाखवले, टाके दिसणार नाहीत म्हणाला.
पापणीला बोट लावून बघितलं नाही.

जखम भरत आली तशा खालच्या पापण्या खाली ओढल्या गेल्या. आतली लाल कड बाहेर दिसायची. झोपेतसुद्धा डोळे पूर्ण मिटेनात. सतत पाणी, सतत जळजळ.

"सूज आहे, उतरेल," सर्जन म्हणायचा.
ती उतरेना, तेव्हा म्हणाला, "तुमची स्किनच तशी आहे."

मग मी तिला सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पापणी बोटानं हलकेच ओढून सोडली. ती पटकन जागेवर गेलीच नाही.

"ऑपरेशनआधी हे कुणी केलं होतं?"
"नाही."

"पापणी आधीपासूनच सैल असणार. बाहेरच्या कोपऱ्यात घट्ट करून घ्यायला हवी होती. आणि कातडी कमी काढायची. एवढंच."

एवढंच.

कानामागची कातडी लावून त्यांनी डावा डोळा बराच सावरला. उजव्याच्या बुबुळावर तोवर डाग पडला होता. खडूची धूळ सोसेना, शाळा सुटली.

आणि आपली माणसं? चर्चच्या पायऱ्यांवर, तिला ऐकू जाईल असं, "देवानं दिलेल्या चेहऱ्याला हात लावला. शिक्षा मिळाली."

मावशी मला म्हणाली, "बरं दिसावंसं वाटलं, याचं कन्फेशन मी करणार नाही."

काही वर्षांनी वटार गावची एक बाई तेच ऑपरेशन करायला निघाली. मावशी तिला अडवेल असं मला वाटलं. उलट मावशीच तिच्यासोबत गेली. दुसऱ्या डॉक्टरकडे. आत बसून म्हणाली, "डॉक्टर, आधी पापणी ओढून बघा. माझी कुणी बघितली नाही."

त्यांनी बघितली. सैल निघाली. कोपरा घट्ट करून, कातडी अगदी थोडी काढली.

त्या बाईचे डोळे आजही सुंदर आहेत.

आज ती मातीला आली नाही. सकाळी फोन केला तर म्हणाली, "लोक विचारतील रे, तुमची ओळख कशी? माझ्या ऑपरेशनचं घरीसुद्धा कुणाला माहीत नाही."

मी फोन ठेवला.

मावशी, तुला चिरशांती मिळो.
मला इतक्यात मिळणार नाही.